रॉकी कुणाचं ऐकतो

कुत्र्यांच्या कामात माणूस दोन-चार वर्षं राहिला की किस्से त्याच्या अंगाला केसांसारखे चिकटतात. पँट कितीही झटका, चार केस राहतातच. न्हाव्याच्या दुकानात बसलो, बसमध्ये बसलो, कुणाच्या लग्नात पंगतीला बसलो, की कुणीतरी विचारतं, "काय मग, काय म्हणतात तुमची कुत्री?" आणि मी सुरू होतो. बायको म्हणते, "सगळे किस्से सांगता, पण त्यात तुम्ही कुठं कुठं जळालात तेवढं बरोबर गाळता." आज गाळत नाही.

आधी थोडी ओळख. मी पोलिसांच्या श्वान पथकात बावीस वर्षं काढली. वास काढणारी कुत्री माझ्या हाताखाली तयार झाली. रिटायर झालो आणि अंबडला घर बांधलं. अनीस माझा शाळेपासूनचा दोस्त. अंबडहून अंकुशनगरकडे जाताना आत, कॅनॉलच्या अलीकडे त्याचा आखाडा आहे, म्हणजे शेतावरची वस्ती. आखाड्यावर सव्वादोनशे शेळ्या-मेंढ्या. तिथून निघणाऱ्या गाडीरस्त्याच्या एका अंगाला लोकांचा ऊस, दुसऱ्या अंगाला कपाशी. कळप रोज त्या रस्त्यानं पडीक माळावर न्यायचा आणि कुणाच्या पिकाला तोंड न लावता परत आणायचा. काम एवढंच, पण ते कुत्र्याशिवाय होत नाही.

हे काम करत होत्या कमळाबाई आणि त्यांचा काळ्या. कमळाबाई साठीच्या, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं वळणाऱ्या धनगराच्या घरातल्या. काळ्या गावठी, एक कान पडलेला. अनीसनं मोबाइलवर मेंढ्या वळणाऱ्या विलायती कुत्र्यांचे व्हिडिओ बघितले आणि पुण्याहून त्या जातीचं काळं-पांढरं पिल्लू मागवलं. तेच रॉकी.

"मधू," अनीस मला म्हणाला, "काळ्या आता म्हातारा होऊन राह्यला. रॉकीला तू तयार कर. बराबर तयार झाला तर आखाड्याची सगळी कुत्री तुझ्या हवाली."

मी छाती फुगवून हो म्हणालो. खरं सांगायचं तर सगळी कुत्री मला नकोच होती. त्या बाईच्या डोळ्यांदेखत रॉकीनं एकदा, फक्त एकदा माझं ऐकावं, एवढंच मला हवं होतं. ते का हवं होतं, ते पुढं कळेल.

*

पहिल्या दिवशी मी पूर्ण तयारीनं गेलो. शिट्टी, पट्टा, बिस्किटांचा डबा आणि मी स्वतः बनवलेला ट्रेनिंगचा तक्ता. पहिला आठवडा 'सिट', दुसरा आठवडा 'स्टे', तिसरा आठवडा 'हील', म्हणजे पायालगत चालणं. रॉकी हुशार. दहा मिनिटांत 'सिट' शिकला.

कमळाबाई बाजेवर बसून बघत होत्या. काळ्या त्यांच्या पायाशी झोपला होता.

"हवालदार," त्या म्हणाल्या, "हे काय करायलात?"

"त्याला बसायला शिकवतोय. ट्रेनिंगचा पाया असतो तो."

त्यांनी थोडा विचार केला. मग अगदी गरीब आवाजात विचारलं, "मेंढ्या चालून राह्यल्या अन् हे बसून राह्यलं, तर काम कोण करील?"

बावीस वर्षांत मला हा प्रश्न एकाही अधिकाऱ्यानं विचारला नव्हता. मी तक्ता घडी करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून माझं त्या बाईशी वाकडं.

*

पथकात आमचा एक नियम होता. कुत्र्याला वस्तू सापडली की त्यानं तिला तोंड लावायचं नाही. तिच्यापाशी बसायचं आणि भुंकायचं. हे मी रॉकीच्या अंगात इतकं मुरवलं होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

एका सकाळी एक शेळी उसात शिरली. कमळाबाई काळ्याला सोडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा. आज रॉकी." शेळीला बांधायचा दोर त्याला हुंगायला दिला आणि सोडला. दोन मिनिटांत उसातून भुंकण्याचा आवाज. सापडली! मी कमळाबाईंकडे अशा नजरेनं बघितलं की काय सांगू.

आवाजाच्या मागं आम्ही उसात शिरलो. आत जाऊन बघतो तर रॉकी अगदी पुस्तकात दाखवतात तसा ताठ बसलेला, भुंकतोय. शेळी त्याच्यासमोर निवांत उसाचे शेंडे खातेय. आणि तिसरा माणूस आमच्या आधीच तिथं उभा. उसाचा मालक.

तो हात जोडून मला म्हणाला, "हवालदार, तुमचं कुत्रं लई इमानदार. तुमची शेळी माझा ऊस खायली, तर त्यानं मलाच हाका मारून बोलावलं."

कमळाबाईंनी जिभेनं फक्त 'टक्' केलं. मागून काळ्या आला, त्यानं शेळीच्या मागच्या पायाला नाक लावलं आणि शेळी पळत रस्त्यावर. रॉकी अजून बसूनच होता. मी त्याला ऊठ म्हणायचं विसरलो होतो.

*

मग मी ठरवलं, या बाईची पद्धत काय आहे ते काढायचंच. गोड बोलून विचारलं. त्या म्हणाल्या, "पद्धत कसली? काळ्याचे डोळे उघडायच्या आधी त्याला मेंढ्यात टाकलं. त्याची माय मेली होती. एका मेंढीनं पाजलं. कोकरात झोपला, कोकरात वाढला. त्याला वाटतं आपण बी मेंढरूच हावं. जरा शाणं."

पिल्लू मेंढीच्या दुधावर वाढवायचं ही धनगरांची जुनी रीत. आमच्या कोर्समध्ये नव्हती. पण एकदा ऐकल्यावर मला चैन पडेना. दुपारी कमळाबाई जेवायला बसल्या तसा मी रॉकीला घेऊन मेंढ्यांच्या कोंडवाड्यात शिरलो. रॉकी तेव्हा आठ महिन्यांचा, माझ्या गुडघ्याच्या वर आलेला. एक गरीब दिसणारी मेंढी बघितली, तिला कोपऱ्यात धरली आणि रॉकीचं तोंड तिच्या कासेला लावलं.

मेंढी गरीब नव्हती. तिनं रॉकीला जी धडक दिली, तो सरळ पाण्याच्या हौदात. दुसरी मला.

पुढचे पंधरा दिवस रॉकी मेंढी दिसली की माझ्या पायांमागं लपायचा. अनीसनं विचारलं, "याला क्या हुआ रे?" मी म्हणालो, "ही ऑब्झर्वेशन स्टेज असते. कुत्रं लांबून अभ्यास करतं."

कमळाबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "हवालदार, तुमच्या शर्टावर कासेचं दूध हाय."

*

जळण्यात मी एकटा नव्हतो, हेही सांगितलं पाहिजे. अनीसही जळायचा. आखाडा त्याचा, शेळ्या त्याच्या, चारा त्याचा. पण तो फाटकात आला की काळ्या भुंकायचा. रोज. मालकाला स्वतःच्या आखाड्यात शिरायला कमळाबाईंना हाक मारावी लागायची, "आक्का, जरा कुत्रं धरा ना."

ईदच्या दुसऱ्या दिवशी तो डबा भरून हाडं घेऊन आला. मटण चिकटलेली, चांगली मोठी. फाटकाबाहेर उकिडवा बसला आणि एक एक हाड काळ्याला देत गेला. तोंडानं बोलत होता, "खा बेटा, खा. मैं तेरा मालिक हूं." काळ्यानं डबा संपवला. अनीसच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तो उठला, फाटक उघडलं, एक पाऊल आत टाकलं.

काळ्या भुंकला. नेहमीपेक्षा जोरात, कारण पोट भरलेलं होतं.

"आक्का, ये क्या है!" अनीस ओरडला. "आता तर खाल्लं ना त्यानं!"

"खाल्लं की," कमळाबाई आतूनच म्हणाल्या. "खाल्लं म्हून वळख थोडीच व्हती, भाई."

त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं, की घरी जाताना बायकोसाठी जिलबी घेतली.

*

बायकोचं नाव सुनंदा. तिचीही एक तक्रार होती. एकदा सकाळी पोहे वाढताना म्हणाली, "नोकरीत होता तेव्हा तुमच्या पथकात ती राणी नावाची कुत्री होती. झोपेत तिचं नाव घ्यायचा. मी काही बोलले नाही, म्हटलं कुत्री आहे. आता झोपेत कमळाबाई, कमळाबाई करता. आता मी काय समजू?"

मी सांगून पाहिलं, की हा जळफळाट आहे, दुसरं काही नाही. तिला पटलं नाही. "मला त्या बाईला बघायचंय," म्हणाली आणि दुपारी माझ्या मोटरसायकलवर बसून आखाड्यावर आली.

दोघी बाजेवर बसल्या. एकीनं शेंगा काढल्या, दुसरीनं गूळ. चार तास बोलत होत्या. काळ्या सुनंदाच्या पायावर डोकं ठेवून झोपला. माझ्या पायावर त्यानं कधी डोकं ठेवलं नव्हतं. मी आपला रॉकीला घेऊन लांब 'स्टे', 'स्टे' करत होतो.

घरी येताना मी विचारलं, "मग? झाली का खात्री?"

"बाई सोन्यासारखी आहे," सुनंदा म्हणाली. "मला काय वाटतं, रॉकीला तिच्याच हाती देऊन टाका. त्या जनावराचे हाल बघवत नाहीत."

*

त्यानंतर मी हेरगिरी केली. लपवत नाही. तीन दिवस बाभळीच्या मागं बसून मोबाइलवर कमळाबाईंचं शूटिंग केलं. ती बाई तोंडानं काही बोलत नाही, शिट्टी मारत नाही, आणि तरी कुत्रं बरोबर वळतं, म्हणजे काहीतरी खूण असणारच. घरी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले, आणि सापडली! वाटेतला नाला आला की बाई काठी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेते, आणि काळ्या लगेच कपाशीच्या अंगाला जातो. तिन्ही दिवस तेच.

मी वहीत आकृती काढली. आठ दिवस रॉकीला काठीच्या खांदेबदलावर तयार केलं. मग एकदा कमळाबाईंसमोर वही ठेवली आणि म्हणालो, "कमळाबाई, तुमची खूण मी ओळखली."

त्यांनी आकृती उलटी-सुलटी करून बघितली. समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "नाल्याचा चढ लागला की माझा डावा खांदा दुखतो, हवालदार. म्हून बदलते."

"मग काळ्या का वळतो?"

"नाल्यापाशी रोजच मेंढ्या कपाशीत शिरायला बघतात. त्याला ठाव न्हाई व्हय? रोजचाच रस्ता हाय."

मी वही मिटली. रॉकी बिचारा अजूनही कुणी काठीचा खांदा बदलला की कान टवकारतो.

*

रॉकीचा सगळ्यात मोठा पराक्रम मात्र मेंढ्यांवर झाला नाही. अनीसच्या पुतणीचं लग्न होतं, दावत आखाड्यावरच ठेवली होती. शामियाना, खुर्च्या, अंबडचे व्यापारी, जालन्याच्या एमआयडीसीतले चार-पाच दोस्त. मी रॉकीला आंघोळ घालून, पट्टा लावून आणलं होतं. चार लोकांत जरा दाखवावं म्हणून पट्टा सोडला.

काय झालं कोण जाणे, त्याच्या रक्तातलं काम जागं झालं. तो खाली वाकला, पोट जमिनीला लावलं, आणि पाहुण्यांच्या भोवती मोठा गोल मारला. एक काका बाजूला सरकले, त्यांना त्यानं आत ढकललं. दोन बायका पाण्याकडे निघाल्या, त्यांना वळवलं. पाच मिनिटांत तीस-चाळीस पाहुणे शामियान्याच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे, हातात ताटं. कुणाला चावला नाही, कुणावर भुंकला नाही. बाहेर पडू मात्र देईना.

मी शिट्टी फुंकली. "रॉकी, कम!" त्यानं बघितलंही नाही. "रॉकी, सिट!" नाही. बिस्किट दाखवलं. नाही.

अनीस माझ्या कानाशी म्हणाला, "मधू, काम तर तो बिलकुल बराबर शिकला रे. फक्त गिऱ्हाईक चुकलं."

तेवढ्यात कमळाबाई आतून आल्या. भांडी घासून ओले हात पदराला पुसत होत्या. सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "ए."

एवढंच. 'ए'. रॉकी उठला, शेपटी हलवत गेला आणि त्यांच्या पायाशी आडवा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळे बघत होते म्हणून. पण पोटात जे दुखलं ते आजही आठवतं. बिस्किटाचा चुरा माझ्या मुठीत होता, आणि मला त्या बाईचा, त्या कुत्र्याचा, टाळ्या वाजवणाऱ्या एकेका पाहुण्याचा राग आला.

त्या दिवसापासून रॉकी त्यांच्यामागं जायला लागला आणि काळ्याच्या बरोबरीनं कामही करायला लागला. माझ्याकडे यायचा तो बिस्किटापुरता.

*

आता शेवटचा. हा मी कुठल्या लग्नात सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात कमळाबाईंच्या लेकीचं बाळंतपण होतं, परतूरला. आठ दिवसांसाठी त्या संध्याकाळच्या बसनं गेल्या. कळप माझ्यावर, दोन्ही कुत्री माझ्यावर. अनीसला मी म्हणालो, "बिनघोर राहा." मनात म्हणालो, आता बघू.

सकाळी सातला फाटकाशी गेलो. काळ्या आणि रॉकी दोघं फाटकाबाहेर, बस गेली होती त्या रस्त्याकडे तोंड करून बसलेले. मी "चला" म्हणालो. हलले नाहीत. शिट्टी मारली. काळ्यानं कान हलवला, तेवढंच. रॉकीला बिस्किट दिलं. त्यानं ते खाल्लं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. आत सव्वादोनशे जनावरं ओरडत होती. अनीस घड्याळ बघत होता.

कोंडवाड्याच्या आत खुंटीवर कमळाबाईंची घोंगडी होती. लेकीच्या घरी काय न्यायची म्हणून ठेवून गेल्या होत्या. घोंगडी त्या कधी धुवायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "धुतली की वास जातो. मंग मेंढरानं मला वळखायचं कशावरून?" दहा-बारा वर्षांचा धूर, मेंढ्या आणि त्या स्वतः, सगळं त्या घोंगडीत होतं.

अनीस फोनवर बोलत पाठमोरा झाला तशी मी ती काढली आणि अंगावर घेतली. शिट्टी खिशात टाकली. फाटक उघडलं आणि काही न बोलता, मागं न बघता चालायला लागलो.

थोड्या वेळानं मागं खुरांचा आवाज सुरू झाला. मग उजवीकडं काळ्या दिसला. डावीकडं, कपाशीच्या कडेनं, रॉकी. नाल्यापाशी एका शेळीनं मान वळवली, आणि मी तोंड उघडायच्या आत रॉकीनं तिला रस्त्यावर आणलं. मग तो माझ्या गुडघ्याशी आला आणि चालता चालता त्यानं वर बघितलं. माझ्याकडं बघितलं का घोंगडीकडं, ते मी त्याला विचारलं नाही. दिवसभर मी माळावर एकटाच हसत होतो. संध्याकाळी सगळा कळप मोजून आत घेतला, एकही कमी नाही. घोंगडी होती तशीच घडी करून त्याच खुंटीवर ठेवली.

रात्रीच्या जेवणाआधी अनीसनं कमळाबाईंना फोन लावला. स्पीकरवर ठेवला.

"आक्का, फिकीर नका करू. मधूच्या मागं बराबर गेले सगळे. दोन्ही कुत्रे बी."

पलीकडं काहीच आवाज नाही.

"आक्का?"

"रॉकी बी गेल्ता?"

"रॉकी तर सगळ्यात पुढं!"

लांब कुठंतरी तान्हं बाळ रडत होतं. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं. लेकीची तब्येत चांगली हाय. मी सकाळी येते."

सकाळच्या पहिल्या बसनं आल्या. आठ दिवसांसाठी गेलेली बाई तिसऱ्या दिवशी फाटकात हजर. दोन्ही कुत्री अंगावर उड्या मारत होती. त्यांनी एकाच्याही डोक्यावरून हात फिरवला नाही. मला रामराम नाही, अनीसला सलाम नाही. सरळ आत गेल्या, खुंटीवरची घोंगडी काढली आणि नाकाला लावली.

मग माझ्याकडं बघितलं. मी शर्टाची बटणं लावायला लागलो. ती लावलेलीच होती.

त्यांनी घोंगडी हौदावर नेली, साबण मागितला आणि दगडावर घासून धुतली. एकदा झाल्यावर पुन्हा साबण लावला आणि पुन्हा धुतली. अनीस जवळ जाऊन म्हणाला, "आक्का, घोंगडी तर तुम्ही धुवत न्हाई ना?"

त्यांनी ती जमेल तेवढी पिळली, आणि पाणी गळणारी ती घोंगडी, सकाळच्या त्या थंडीत, तशीच खांद्यावर टाकून कळप घेऊन निघून गेल्या.